नंदादीपाचा हिशेब : घरातील जागत्या विजेचा इतिहास

आपल्या स्मरणिकेच्या पानांवर कुळे, कुलदैवते आणि पूर्वजांचे पराक्रम यांचे वर्णन यावे हे उचितच आहे. परंतु ज्या संसाराच्या आधारावर ही कुळे टिकली, त्या संसाराच्या जमाखर्चालाही एक इतिहास असतो, आणि तो सहसा कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. घरातील विजेची उपकरणे आपण बंद केली असे समजून झोपी जातो, तरी ती पूर्णपणे बंद झालेली नसतात. ती जागी राहतात आणि जागेपणाचे मोल आपल्याकडून वसूल करतात. यालाच इंग्रजी वळणाने 'स्टँडबाय' म्हणतात. हा खर्च आपल्या घरात केव्हा आणि कोणत्या वाटेने शिरला, हे येथे पाहावयाचे आहे.

पिंपळे गुरव ही आपल्यापैकी अनेक कुटुंबांची राहती वस्ती. पवनेच्या काठचे हे जुने गाव आज पिंपरी-चिंचवड महानगराचा दाट वस्तीचा भाग झाले आहे. मध्यरात्र उलटल्यावर येथील इमारतींच्या खिडक्या काळोख्या दिसतात. पण प्रत्येक काळोख्या खिडकीमागे चार-दोन तांबडे, हिरवे वा निळे ठिपके जळतच असतात. एक टीव्हीखाली, एक सेट-टॉप बॉक्सवर, एक स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हच्या घड्याळात, एक वातानुकूल यंत्राच्या स्टॅबिलायझरवर. अहोरात्र तेवणारे हे दिवे कोणी लावले, आणि त्यांच्या तेलाची तरतूद कोणी केली, असा प्रश्न आपल्या पूर्वजांनी प्रथम विचारला असता.

तेलाची तरतूद आणि झाकलेला विस्तव

या गावाच्या नावातच गुरव आहे, आणि गुरव म्हटला की देवळातील पूजा आणि दिवाबत्ती यांचे स्मरण होते. देवापुढे रात्रंदिवस तेवणाऱ्या दिव्याला आपण नंदादीप म्हणतो. आपल्या जुन्या सनदांतून आणि शिलालेखांतून अशा दिव्यांचे उल्लेख वारंवार सापडतात. कोणी नंदादीपासाठी जमीन लावून दिली, कोणी तेलाची नेमणूक करून दिली. चिंचवडच्या देवस्थानास गावे इनाम होती, हे या परिसरात सर्वश्रुत आहे. अशा उत्पन्नांतूनच देवळांचे नैवेद्य, पूजा आणि दिवे चालत. सांगावयाचे तात्पर्य हे की, अखंड दिवा लावावयाचा तर तेल कोठून येणार हे अगोदर ठरत असे. ज्याच्या तेलाची सोय नाही असा अखंड दिवा आपल्या पूर्वजांनी लावला नाही. देवाच्या दिव्यालाही हिशेब होता.

घरातील दिव्याची गोष्ट याहून निराळी नव्हती. समई सांजवेळी लागे आणि जेवणे उरकल्यावर मालवली जाई. पुढे घासलेट आले, कंदील आणि चिमण्या आल्या. लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असले तर कंदिलाची वात बारीक करून तो रात्रभर ठेवीत. आजच्या स्टँडबायचे ते जुने रूप म्हणावयास हरकत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी कंदिलात घासलेट ओतताना पातळी किती खाली गेली हे घरची बाई डोळ्यांनी पाहत असे. काचेवर धरलेली काजळी पुसताना रात्रीचा खर्च तिच्या हाताला लागत असे. बारीक वात गरजेपुरतीच ठेवावयाची, हे तिला शिकवावे लागत नव्हते.

चुलीची युक्ती तर याहूनही शहाणपणाची होती. रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवीत आणि सकाळी राख सारून, फुंकर घालून त्याच विस्तवावर चूल पेटवीत. विस्तव तयार स्थितीत राही, काडी वाचे आणि इंधनही जवळजवळ खर्ची पडत नसे. म्हणजे वस्तू सज्ज ठेवणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. सज्जतेची किंमत डोळ्यांआड होणे, हे मात्र नवे आहे.

वीज आली ती कोणाच्या मोलाने

मुंबईत विजेचा व्यवस्थित पुरवठा सुरू झाला तो १९०५ च्या सुमारास. १९०७ साली विजेवर चालणारी ट्राम मुंबईच्या रस्त्यांवर धावली. परंतु महाराष्ट्राच्या विजेचा खरा पाया सह्याद्रीच्या पावसावर घातला गेला. जमशेटजी टाटांची ही कल्पना त्यांच्या पश्चात साकार झाली. १९१० साली जलविद्युत कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून पाणी घाटाखाली सोडण्यात आले, आणि १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा येथील केंद्रे चालू झाली.

यांपैकी भिऱ्याची हकीकत आपल्या अगदी निकटची आहे. भिऱ्यास जाणारे पाणी मुळशीच्या धरणाचे, आणि मुळशीचे धरण मुळा नदीवरचे. हीच मुळा पिंपळे निलखवरून वाहत येते आणि दापोडीजवळ आपल्या पवनेला भेटते. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून या नदीचे पाणी पश्चिमेकडे वळवून कोकणात उतरविण्यात आले. त्यासाठी मावळातील पन्नासाहून अधिक गावांवर संकट कोसळले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले, कारावास भोगला, आणि याच लढ्यातून महाराष्ट्र त्यांना सेनापती म्हणून ओळखू लागला. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्तेही त्यात होते. हा लढा १९२४ पर्यंत चालला. शेवटी धरण झाले, आणि मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली.

पुढचा इतिहासही याच धर्तीचा आहे. १९२९-३० च्या सुमारास मुंबई-पुणे लोहमार्गावर विजेची इंजिने धावू लागली, आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. पवनेपलीकडून कासारवाडी आणि दापोडीवरून ती गाडी जात असे. परंतु महाराष्ट्रातील बहुतेक खेड्यांत विजेचा दिवा लागला तो राज्यस्थापनेनंतरच्या दशकांत. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. १९६२ साली कोयनेची वीज वाहू लागली. तिच्यासाठीही खोऱ्यातील गावांना आपली जागा सोडावी लागली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेच्या परिसरात भीषण भूकंप झाला, वीजनिर्मिती थांबली, आणि दूरवरच्या कारखान्यांनाही त्याची झळ पोहोचली. एका खोऱ्याच्या सुखदुःखावर किती घरांचे दिवे अवलंबून आहेत, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

आपल्या परिसराचा कायापालट याच काळातला. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि त्यामागोमाग मोठे कारखाने उभे राहिले. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या आधाराने आपल्यापैकी कित्येकांचे वडील आणि आजे येथे स्थिरावले. ज्या विजेने त्यांचे यंत्र फिरवले, त्याच विजेने त्यांच्या घरी पहिला दिवा लावला.

भिंतीवरचे बटण

त्या पहिल्या दिव्याच्या दिवसांत बटण ही घरातील मानाची वस्तू होती. काळ्या रंगाचे, गोल, खटकन आवाज करणारे ते बटण वर केले की दिवा गेला, याविषयी कोणाच्या मनात शंका नसे. खोलीतून बाहेर पडताना बटणाकडे हात जाणे ही त्या पिढीच्या अंगी मुरलेली सवय होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इंग्रजी अमदानीत आपण तेथील गोल खिळ्यांच्या सॉकेटाचा नमुना उचलला, आणि प्रत्येक सॉकेटाशेजारी त्याचे स्वतंत्र बटण बसविण्याची चाल आपल्याकडे रुजली. अमेरिकेत आणि युरोपातील बहुतेक देशांत अशी सोय नसते. तेथे वीज तोडावयाची तर प्लग उपसावा लागतो. पाश्चात्य गृहस्थाला ज्यासाठी वाकून, टेबल सरकवून प्लग शोधावा लागतो, ते आपल्याला एका बोटाने साधते. रोगाचे औषध आपल्या भिंतीवर अगोदरच टांगलेले आहे, आणि आपणच ते वापरावयाचे सोडले, असे म्हणावे लागते.

ते कसे सुटले, याचा क्रम पाहण्याजोगा आहे. घरात प्रथम आलेले मोठे यंत्र म्हणजे रेडिओ. नळ्यांचा रेडिओ तापावयास अर्धा-एक मिनिट घेई, आणि त्याची खुंटी मागे फिरवून टक् असा आवाज झाला की तो खरोखरच बंद होई. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले आणि लवकरच पुण्याच्या परिसरातही चित्रे दिसू लागली. त्या काळचे लाकडी झडपांचे संच कार्यक्रम संपताच बंद होत. खुंटी फिरवावयाची, भिंतीवरचे बटण बंद करावयाचे, झडपा ओढून घ्यावयाच्या, असा तो विधीच होता. १९८२ साली एशियाडच्या वर्षी रंगीत चित्रे आली. १९८७-८८ मध्ये रामायणासाठी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. पण मालिका संपली की संच बंद होई.

बदल घडविला तो रिमोटने. अमेरिकेत १९५५-५६ च्या सुमारासच बिनतारी रिमोट निघाले होते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत ते मुख्यतः १९९० च्या दशकात, केबलच्या अनेक वाहिन्यांबरोबर रुळले. रिमोटवरील तांबडे बटण दाबले की पडदा काळा होतो, म्हणून आपण संच बंद झाला असे मानतो. वस्तुतः त्या बटणाने वीज तुटत नाही. संचाला झोपण्याची आज्ञा तेवढी मिळते. उद्या पुन्हा जागे होण्याची आज्ञा ऐकता यावी म्हणून संचातील एक डोळा आणि त्यामागचे छोटे मंडल सतत उघडे राहते, आणि त्यास वीज पुरविणारा भागही चालू राहतो. शेतात पीक उभे असताना रात्री जागल करतात. येथे पीक घरी आल्यावरही जागल्या मळ्यावर बसून असतो, आणि त्याची मजुरी चालूच राहते.

दुसरे कारण वीज रूपांतरित करण्याचे. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची आणि दिशा बदलत राहणारी. तर इलेक्ट्रॉनिक यंत्रांना हवी असते थोड्या व्होल्टची आणि एकाच दिशेची. म्हणून प्रत्येक यंत्राच्या पोटात किंवा तारेवर एक रूपांतरक असतो. जुन्या पद्धतीचे, लोखंडी गाभ्याचे जड रूपांतरक नुसते सॉकेटात अडकवून ठेवले तरी कोमट लागत. तो कोमटपणा म्हणजेच फुकट गेलेली वीज. नव्या धर्तीचे हलके चार्जर याबाबतीत पुष्कळ सुधारलेले आहेत.

जगाने घेतलेली दखल आणि आपल्याकडील टंचाई

या गळतीकडे जगाचे लक्ष गेले ते १९९० च्या दशकात. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचे संशोधक ॲलन मायर आणि त्यांचे सहकारी यांनी घरोघरची यंत्रे मोजून पाहिली आणि या प्रकाराला विजेची 'गळती' असेच नाव दिले. प्रगत देशांत घरगुती विजेचा सुमारे ५ ते १० टक्के भाग अशा रीतीने जातो, असा त्या काळचा अंदाज होता. कोणत्याही यंत्राने जागत्या अवस्थेत एका वॅटहून अधिक वीज घेऊ नये, ही सूचना मायर यांनी मांडली, आणि १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तिचा पुरस्कार केला. २००१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी खरेदीस तोच दंडक लावला. युरोपीय संघाने २०१० पासून एक वॅटची आणि वेळ वा माहिती दाखविणाऱ्या यंत्रांस दोन वॅटची मर्यादा घातली. २०१३ पासून ती निम्म्यावर आणली. आजचे चांगले टीव्ही संच रिमोटने बंद केल्यावर अर्ध्या-एक वॅटवर थांबतात, ते या नियमांचे फळ होय.

आपल्या देशात २००१ साली ऊर्जासंवर्धनाचा कायदा झाला, २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला, आणि २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांची चिन्हे दिसू लागली. नेमका याच सुमारास महाराष्ट्र भारनियमनाने होरपळत होता. ६ जून २००५ रोजी जुन्या मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या, परंतु नाव बदलल्याने वीज वाढली नाही. खेड्यापाड्यांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे. परीक्षेच्या दिवसांत मुले मेणबत्तीवर अभ्यास करीत आणि शेतकरी रात्री-बेरात्री पंप चालू करावयास जात.

त्या वेळी २००६ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरात एक वेगळा प्रयोग झाला. येथील कारखान्यांकडे स्वतःची जनित्रे होती. टंचाईच्या वेळी कारखान्यांनी ती चालवावी, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळावी, आणि महागड्या इंधनाचा भार ग्राहकांनी वेगळ्या आकाराच्या रूपाने उचलावा, असे ठरले. वीज नियामक आयोगापुढे ग्राहकांची बाजू मांडण्यात पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने भाग घेतला. हा प्रयोग 'पुणे मॉडेल' म्हणून ओळखला गेला. आपण भारनियमनातून सुटलो खरे. पण अंधार टाळावयाचा तर त्याचे मोल कोणीतरी द्यावे लागते, हे त्या वर्षीच्या बिलावर स्पष्ट छापून आले होते. ज्या रात्री गावाकडचा चुलत भाऊ अंधारात बसला होता, त्या रात्री आपल्या दिवाणखान्यातील मोकळ्या यंत्रांचे ठिपके मात्र जळत होते, ही गोष्ट आज आठवली तरी मन अस्वस्थ होते.

पुढे २०१३ साली केबल प्रक्षेपणाच्या डिजिटल रूपांतराचा दुसरा टप्पा पुण्यासह ३८ शहरांत आला आणि घरोघरी सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला. टीव्ही सुधारला, पण त्याच्या शेजारी त्याहून जागरूक असा हा पाहुणा येऊन बसला. रिमोटने त्याला बंद केले तरी अनेक पेट्या पूर्वीइतकीच वीज घेत राहतात. हात लावून पाहिल्यास पेटी रात्रीही कोमट लागते. त्यानंतर वाय-फायचे राउटर आले. २०२० च्या महामारीत हिंजवडीची कचेरीच पिंपळे गुरवच्या खोल्यांत आली, आणि संगणक, पडदे व त्यांचे रूपांतरक यांची संख्या वाढली.

आपल्या घरचा आकडा

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. एक वॅटचा भार वर्षभर अखंड चालला तर ८.७६ युनिटे जळतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून सर्व आकार धरून युनिटमागे १० रुपये दर मानू. म्हणजे प्रत्येक जागत्या वॅटचे वार्षिक भाडे सुमारे ८८ रुपये झाले.

एक साधारण घर घेऊ. आकडे यंत्रांच्या सामान्य प्रकृतीचे आहेत. घराघरांत फरक राहीलच. सेट-टॉप बॉक्स १० वॅट, न पाहण्याचे १८ तास : वर्षाला सुमारे ६६ युनिटे. जुना संगीतसंच वा होम थिएटर ५ वॅट, अखंड : ४४ युनिटे. वातानुकूल यंत्राचा स्टॅबिलायझर ५ वॅट, गरज नसलेले आठ महिने : २९ युनिटे. मायक्रोवेव्हचे घड्याळ आणि त्यामागचे मंडल ३ वॅट, अखंड : २६ युनिटे. डास पळविणारे यंत्र ५ वॅट, दिवसा विसरलेले १२ तास : २२ युनिटे. राउटर ८ वॅट, झोपेचे ७ तास : २० युनिटे. टीव्ही १ वॅट, १८ तास : ६ ते ७ युनिटे. बेरीज सुमारे २१३ युनिटांची होते. म्हणजे महिन्याला १८ युनिटे आणि वर्षाला २,१०० रुपयांहून अधिक.

यात आणखी एक मेख आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात : १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच चढा, आणि पुढे आणखी चढा. शिवाय एकूण रकमेवर वीजशुल्क बसते. आपण वीज वाचवितो ती नेहमी वरच्या टोकाची वाचते. ज्या कुटुंबाचा वापर ११५ युनिटांच्या आसपास आहे, त्याने ही १८ युनिटे टाळली तर ते वरच्या टप्प्यातून पूर्णपणे खाली उतरते. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला हा फरक लहान नाही.

एका घराचा आकडा लहान वाटला तर हजार घरांची वस्ती डोळ्यांपुढे आणावी. हाच हिशेब हजार घरांना लावला तर वर्षाची २ लाख १३ हजार युनिटे होतात. कोळशावरील केंद्रात एका युनिटास सुमारे ७०० ग्रॅम कोळसा लागतो असे धरले तर हा सुमारे दीडशे टन कोळसा झाला. कोणाच्याही घरी दिवा न लावता, पंखा न फिरवता तो जळून जातो.

ज्यांना या आकड्यांवर विश्वास ठेवावयाचा नाही त्यांनी स्वतः मोजावे. जुन्या मीटरात ॲल्युमिनियमची चकती फिरत असे आणि तिच्या घर्षणामुळे अगदी अल्प भार नीट उमटत नसे. आजचे इलेक्ट्रॉनिक मीटर अधिक जागरूक आहेत. त्यांवर एक तांबडा दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटास किती लुकलुकी ते मीटरवर छापलेले असते. समजा, ३,२०० आहे. रात्री सर्व दिवे-पंखे बंद करावे, फ्रीजचे बटण दहा मिनिटांपुरते बंद करावे, बाकीची यंत्रे नेहमीप्रमाणे रिमोटने झोपवावी, आणि दहा मिनिटांत किती वेळा दिवा लुकलुकला ते मोजावे. त्या संख्येस १.८७५ ने गुणले की आपल्या घरचे जागते वॅट मिळतात. १६ वेळा लुकलुकला तर ३० वॅट. मीटरवर १,६०० छापले असेल तर उत्तर दुप्पट करावे. नातवंडांना बरोबर घेऊन हा प्रयोग करावा. गणिताचा गणित आणि हिशेबाचा हिशेब.

विवेक हवा

या विषयात अतिशयोक्तीही फार होते, म्हणून दोन शब्द सावधगिरीचे. फ्रीज बंद करावयाचा नाही. आजारी माणसाचे श्वसनयंत्र, इन्व्हर्टर, दाराचा कॅमेरा, मुलांच्या रात्रीच्या कामास लागणारा राउटर, ही सर्व जागी राहावयास हवीत. ती गरजेची जागल आहे. उलट, मोबाईलचा नवा चार्जर नुसता अडकवून ठेवला तर वर्षाला एक-दोन युनिटेच जातात. तो रोज उपसून ठेवणारा मनुष्य सेट-टॉप बॉक्स मात्र वर्षानुवर्षे चालू ठेवतो, याला आपल्याकडे म्हण आहे : मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. हेही विसरू नये की दोन हजार वॅटचा गीझर नऊ तास चालला की महिन्याची ही सारी गळती भरून निघते. तेव्हा मोठा खर्च गीझर, वातानुकूल यंत्र आणि फ्रीज यांचाच. परंतु गीझरचे गरम पाणी कोणाच्या तरी अंगावर पडते. जागत्या विजेचा उपभोग कोणीच घेत नाही. खर्च आहे आणि भोक्ता नाही, हाच तिचा दोष होय.

आपल्या अनेक घरांत आजही एक दृश्य दिसते. आजी किंवा आजोबा रात्री झोपण्यापूर्वी खोलीखोलीतून फिरतात आणि भिंतीवरची बटणे एकेक करून बंद करतात. तरुण मंडळी हसतात. घड्याळ पुन्हा लावावे लागते, पेटी सुरू व्हावयास वेळ लागतो, म्हणून कुरकुरतात. वडीलधाऱ्यांना कंजूष म्हणणे सोपे आहे. पण ज्या पिढीने कंदिलात घासलेट मोजून ओतले, भारनियमनात मुले वाढविली, तिच्या हाताला ही सवय अनुभवाने लागली आहे. त्यांना वॅट आणि युनिट यांचे गणित मांडता येत नसेल, पण उत्तर त्यांचेच बरोबर आहे. तरुणांनी त्यांच्या फेरीत गणिताची भर घालावी, म्हणजे कोणते बटण बंद करावयाचे आणि कोणते नाही याचा विवेक दोघांनाही साधेल. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि संगीतसंच एकाच बटणाच्या पट्टीवर घेतले, तर एका बोटाचेच काम उरते.

आपल्या पूर्वजांनी देवापुढे अखंड दिवा लावला तो श्रद्धेने. परंतु त्याचे तेल त्यांनी वहीत लिहून ठेवले. मुळशीच्या माणसांनी आपली खाचरे गमावली, कोयनेकाठच्या माणसांनी गावे सोडली, त्या मोलाने आपल्या घरी वीज आली. त्या विजेतून आपण कोणता दिवा अखंड ठेवणार आणि कोणता मालवणार, हे ठरविण्याचा अधिकार यंत्राकडे न सोपवता घराने आपल्याकडे ठेवावा. येत्या दिवाळी पाडव्यास नव्या वर्षाचा जमाखर्च मांडताना प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या घरच्या जागत्या वॅटचा आकडा पहिल्या पानावर लिहावा, आणि पुढच्या पाडव्यास तो किती उतरला हे पाहावे, इतकीच सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती. इत्यलम्.